नव्या माशाची शास्त्रीय नोंद कशी होते? : खाडीतील होराइक्थिस आणि कृष्णेतील खवलचोर

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल व त्याच्या आसपासची गावे कृष्णेच्या खोऱ्यात मोडतात. दुधोंडी, बुर्ली, आमणापूर, अंकलखोप, भिलवडी ही गावे तर नदीच्या थडीलाच वसलेली आहेत, आणि ब्रह्मनाळ येथे येरळा कृष्णेस मिळते. या भागातील शेतकऱ्यास उसाच्या, द्राक्षाच्या व हळदीच्या जाती नावानिशी सांगता येतात. नदीतील माशांच्या जाती मात्र भोई समाजातील काही जुन्या माणसांखेरीज फारच थोड्यांना ओळखता येतात. बाजारात शिवरा आला, मरळ आला, वाम आला एवढे आपण पाहतो; परंतु त्याच जाळ्यात सापडलेली, टोपलीच्या तळाशी पडून राहणारी बोटभर लांबीची मासळी 'चिल्लर' या एकाच नावाखाली जाते. शास्त्राला आजवर अज्ञात असलेला मासा आढळण्याची शक्यता असते ती नेमकी या चिल्लरीतच.

नवी जाती म्हणजे नव्याने उत्पन्न झालेला प्राणी नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. तो मासा हजारो वर्षे पाण्यात असतोच, आणि नदीकाठच्या लोकांनी त्याला आपले नावही दिलेले असते. परंतु जगातील कोणत्याही अभ्यासकास निःसंशय ओळखता यावा असे त्याचे सविस्तर वर्णन छापून प्रसिद्ध होत नाही, तोवर प्राणिशास्त्राच्या वहीत त्याचे खाते उघडत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव चढेपर्यंत वहिवाट असूनही जमीन कागदोपत्री आपली ठरत नाही, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात या कामाचे एक उत्तम उदाहरण घडलेले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तत्कालीन मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील खाड्यांमधून एक अतिशय लहान मासा मिळविला आणि १९४० साली कलकत्त्याच्या 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम' या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा असतो. अंग जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे खाडीच्या गढूळ, मचूळ पाण्यात तो सहसा दिसतही नाही. खाण्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. त्यामुळे कोणाही मच्छीमाराने अथवा व्यापाऱ्याने त्याकडे लक्ष दिले नव्हते, यात नवल नाही.

परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना तपासली तेव्हा तो सर्व ज्ञात माशांहून वेगळा आढळला. नराच्या गुदपराच्या पुढील काड्या एकत्र येऊन त्यांचे समागमास उपयोगी पडणाऱ्या अवयवात रूपांतर झाले होते. असा अवयव गप्पी व गॅम्बुशिया या डास-अळ्या खाणाऱ्या माशांच्या नरांतही असतो, आणि हे मासे हिवतापाच्या प्रतिबंधासाठी विहिरींत व हौदांत सोडण्यात येत असल्याने पुष्कळांच्या पाहण्यात आहेत. त्यांच्या माद्या मात्र पिलांना जन्म देतात. खाडीतील या माशाची मादी अंडी घालते, आणि तरीही त्या अंड्यांचे फलन तिच्या शरीरातच झालेले असते. नर आपले शुक्राणू मोकळे न सोडता एका सूक्ष्म पिशवीत बांधून देतो. या पिशवीस आकड्यासारखे काटे असतात, आणि त्यांच्या योगाने ती मादीच्या जननरंध्राजवळ रुतून बसते. मादीच्या अंगी आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. तिचा उजवा श्रोणिपर मुळी नसतोच, केवळ डावाच असतो! माशांचे पर जोडीने असावयाचे हा नियम इतका सार्वत्रिक आहे की, एखाद्याने असा एक नमुना पाहिला असता तर पर तुटला असावा असेच म्हटले असते. अनेक माद्या तपासल्यावर प्रत्येकीत तोच प्रकार आढळला, म्हणूनच ते त्या माशाचे लक्षण ठरले.

एवढे सगळे वेगळेपण पाहून डॉ. कुलकर्णी यांनी या माशासाठी केवळ नवी जातीच नव्हे, तर नवी प्रजाती आणि नवे कुलही स्थापिले. नाव दिले 'होराइक्थिस सेटनाय'. पहिल्या शब्दात भारतीय मत्स्यशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सुंदरलाल होरा यांचे नाव असून त्याला मासा या अर्थाचा ग्रीक शब्द जोडलेला आहे. दुसऱ्या शब्दाने मुंबई सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याची उभारणी करणारे डॉ. एस. बी. सेटना यांचा गौरव केला आहे. पुढे हा मासा पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी, कच्छपासून केरळपर्यंतच्या मचूळ पाण्यात आढळला. तो नव्हताच असे नाही; कोणी पाहिला नव्हता.

आता अशा नोंदीची पद्धत कशी असते ते पाहू. एकच मासा हाती लागून भागत नाही. शक्य तर लहान-मोठे, नर-मादी असे अनेक नमुने घ्यावे लागतात, कारण वयाने अथवा लिंगभेदाने होणारा फरक आणि जातिभेद यांची गल्लत होण्याचा धोका नेहमीच असतो. नंतर प्रत्येक नमुन्याची मोजदाद होते. पृष्ठपरात व गुदपरात किती काड्या, पार्श्वरेषेवर किती खवले, मिशांच्या जोड्या किती, गळ्यातील दातांची रचना कशी, हे सर्व मोजावयाचे. डोळ्याचा व्यास डोक्याच्या लांबीशी आणि डोके शरीराच्या लांबीशी कोणत्या प्रमाणात आहे, हेही काढावयाचे. नुसती लांबी उपयोगी पडत नाही, कारण मासा वाढतो. प्रमाण पुष्कळसे टिकते. हल्ली याच्या जोडीस पेशीतील जनुकद्रव्याची तपासणी करण्यात येते. दिसावयास अगदी सारख्या असणाऱ्या दोन माशांचे वंश फार पूर्वीच वेगळे झाले असल्याचे तिच्यामुळे उघड होते.

यापुढचा भाग अधिक कष्टाचा, आणि बाहेरच्या माणसास कंटाळवाणा वाटावा असा आहे. त्या गटातील आजवर वर्णन झालेल्या प्रत्येक जातीशी नव्या नमुन्याची तुलना करावी लागते. त्यासाठी शे-दीडशे वर्षांपूर्वीचे ग्रंथ धुंडाळावे लागतात आणि संग्रहालयांतील बाटल्यांतून ठेवलेले जुने मासे पुन्हा मोजावे लागतात. हे केले नाही तर एकाच माशाला दोन नावे पडतात. तसे झाल्यास जे नाव आधी प्रसिद्ध झाले ते ग्राह्य आणि नंतरचे रद्द, हा प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील अग्रहक्काचा नियम होय. प्राण्यांच्या बाबतीत हा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांच्या ग्रंथाच्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून धरला जातो.

वर्णन ज्या नमुन्यावर आधारले असेल त्यांपैकी एकाची 'प्ररूप' म्हणून निवड करतात आणि तो कायमचा जपून ठेवतात. हा मासा म्हणजे त्या नावाचा साक्षीदार होय. पुढे कधी वाद उद्भवला तर पुस्तकातील चित्राकडे न पाहता या नमुन्याकडेच पाहावयाचे असते. आपल्याकडे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून अशा नमुन्यांची जोपासना करीत आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानेही नव्या जातीचे नमुने शासनाने नेमलेल्या संग्रहालयातच ठेवण्याचे बंधन घातले आहे.

खाडीतला मासा कुंडलच्या वाचकास दूरचा वाटेल. परंतु याच डॉ. कुलकर्णींनी १९५२ साली जो दुसरा मासा शास्त्रापुढे मांडला तो कृष्णेच्या खोऱ्यातला, म्हणजे अगदी घरचा आहे. दख्खनमधील या माशासाठीही त्यांना नवी प्रजाती स्थापावी लागली. तिचे नाव त्यांनी 'निओट्रोपिअस' असे ठेवले, आणि जातीचे नाव ठेवले 'खवलचोर'. लॅटिन नावांच्या जागतिक यादीत हा अस्सल मराठी शब्द जसाच्या तसा जाऊन बसला आहे, आणि मोठमोठ्या विद्वानांच्या गौरवार्थ दिलेल्या नावांपेक्षा तो अधिक बोलका आहे यात शंका नाही.

नावाप्रमाणेच या माशाची करणी आहे. तो इतर माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खातो. मासे माशांना गिळतात हे नेहमीचेच, परंतु भक्ष्यास जिवंत सोडून केवळ त्याच्या खवल्यांवर उपजीविका करणारे मासे जगात मोजकेच आहेत. खवलचोर हा शिंगटी, वाळुंज यांच्याप्रमाणे मिशाळ माशांच्या गटातला असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या अंगावर एकही खवला नसतो, हा आणखी एक मौजेचा भाग. खवल्यांमध्ये चुना व स्फुरद यांच्याबरोबर प्रथिनेही असतात आणि माशाच्या अंगावर ते पुन्हा उगवतात. तेव्हा असे खाद्य प्रथमदर्शनी वाटते तितके निकृष्ट नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातील संशोधकांनी या माशाचे वर्तन, त्याच्या दातांची ठेवण आणि त्याची पचनशक्ती यांची एकत्र तपासणी केली. मच्छीमारांनी नावातच जे सांगून ठेवले होते, ते खरे असल्याचा पुरावा त्यातून मिळाला.

मराठी नावे लॅटिनमध्ये नेण्याची ही रीत डॉ. कुलकर्णींच्याही शंभर वर्षे आधीची आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांवर लिहिलेला निबंध १८४१ साली लंडन येथे चित्रांसह प्रसिद्ध झाला. साइक्स यांचे मुख्य काम शेती, जमीन व लोकसंख्या यांची आकडेवारी जमविण्याचे होते. मासे हा त्यांचा जोडधंदा. त्यांनी भीमेच्या खोऱ्यातील कोळ्यांकडून माशांची नावे विचारून घेतली आणि तीच शास्त्रीय नावात घातली. खुद्री, कोळस, मुसुल्लाह, पोटैल, शिंगटी, मुल्या अशी ही नावे इंग्रजी कानाने ऐकून थोडी वाकडी लिहिली गेली आहेत. तरी त्यांच्यामागचा मराठी शब्द ओळखू येतो. नाकाडावर उंचवटा व खोबण असलेल्या एका माशाला त्यांनी 'नुक्ता' म्हटले. ते वाचताना आपला 'नकटा' हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. हा नुक्ता आज संकटग्रस्त जातींत गणला जातो.

साइक्स यांच्या यादीत खवलचोर नाही. ज्या खोऱ्यात इतक्या लवकर अभ्यास सुरू झाला, तेथेही एक चांगला वितीच्या आतबाहेरचा मासा आणखी शतकभर शास्त्राच्या नजरेतून सुटला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

येथे एका शंकेचे निरसन करणे आवश्यक आहे. शास्त्रीय नावे कायमची असतात असे समजतात, ते पूर्णांशाने खरे नाही. जातीचे नाव टिकते. प्रजातीचे नाव अधिक अभ्यासानंतर बदलू शकते. खवलचोराची प्रजाती आज 'पॅचिप्टेरस' या १८३८ साली स्थापलेल्या जुन्या प्रजातीत समाविष्ट करण्यात येते. होराइक्थिसचेही तसेच झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर तुलनेनंतर तो 'ओरायझिअस' या प्रजातीत घालण्यात आला. ओरायझा म्हणजे भात. भातखाचरांत आढळणाऱ्या आशियाई माशांना दिलेले हे नाव आहे, आणि जपानी प्रयोगशाळांत वापरला जाणारा मेदाका मासा याच प्रजातीतला. मात्र 'सेटनाय' व 'खवलचोर' हे शब्द, तसेच त्यांच्या पुढे लिहिले जाणारे कुलकर्णी हे नाव व साल, कायम राहिले आहे. प्रजाती बदलल्याची खूण म्हणून ते आता कंसात लिहितात इतकेच.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी मिळते. ही नदी आंबोलीस उगम पावून आजरा, गडहिंग्लज या भागांतून पूर्वेस वाहते आणि घटप्रभेच्या द्वारे अखेर कृष्णेसच मिळते. तिच्या उगमाजवळील महादेवाच्या कुंडात एक लहान, रंगीत मासा आढळला. त्याचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव त्यास मिळाले. लगेच पुढल्या वर्षी, २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने त्या जागेस जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. नाव नसलेल्या माशासाठी असे संरक्षण मागता आले नसते. कारण अर्जात लिहावयाचे काय, हाच प्रश्न उरला असता.

याउलट स्थिती कृष्णेच्या मधल्या पात्रात दिसते. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात दूषित पाण्यामुळे हजारो मासे मरून पाण्यावर तरंगले. अशा वेळी मेलेले मासे टनांत मोजले जातात, जातवार नाही. त्यांत कटला, सायप्रिनस यांसारखे पुन्हा सोडता येण्याजोगे मासे किती आणि केवळ या खोऱ्यातच असणारे किती, याचा हिशेब आधीची नोंद असेल तरच लागू शकतो. दुसरा धोका शेततळ्यांतून संभवतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत थडीची तळी आणि नदी एक झाली, आणि तळ्यातील मासे पात्रात गेले. तिलापिया हा मासा काटक असून त्याची वीण फार लवकर वाढते, आणि आफ्रिकन मांगूर तर अत्यंत खादाड असल्याने त्याच्या संवर्धनास केंद्र शासनाने २००० सालीच मनाई केली आहे. बीज विकत घेताना देशी मागूर म्हणून तोच माथी मारला जाण्याची भीती असते. म्हणून बीज शासकीय अथवा मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे, आणि तळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसवावी. हीच जाळी पाणी आत घेण्याच्या नळासही लावली असता नदीतील खवलचोर व इतर उपद्रवी मासे तळ्यात शिरत नाहीत. तळ्यातील रोहू-कटल्याच्या अंगावरचे खवले गेलेले दिसल्यास मात्र खवलचोरावर ठपका ठेवण्याची घाई करू नये. जागेवर लाल व्रण असतील तर तो बहुधा रोग समजावा आणि मत्स्यविकास अधिकाऱ्यास त्वरित दाखवावे.

जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. नदीकाठच्या गावांनी या वहीतील माशांचे पान भोई मंडळींना सोबत बसवूनच भरावे. मासा कोणत्या नावाने ओळखला जातो, कोणत्या डोहात मिळतो, कोणत्या महिन्यात त्याच्या पोटात गाबोळी असते, पूर्वी मिळत असे व आता दिसत नाही असा कोणता, ही माहिती त्यांच्याखेरीज अन्य कोणाकडेही नाही. अशी माहिती तोंडी राहिली तर ती सांगणाऱ्या पिढीबरोबरच जाते. शहरातून यादी आणून ती उतरून काढण्यात काही अर्थ नाही.

जाळ्यात अनोळखी मासा सापडल्यास तो फेकून देऊ नये अथवा कालवणातही टाकू नये. प्रथम तो ओला असतानाच, डोके डाव्या हाताला येईल असा ठेवून, शेजारी मोजपट्टी मांडून छायाचित्र घ्यावे. मेल्यावर माशाचे रंग काही तासांतच पालटतात, आणि पुढे बाटलीत तर ते राहतच नाहीत. नंतर मासा बर्फात ठेवून जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पोहोचवावा. तेथे तो एक भाग फॉर्मालिन व नऊ भाग पाणी या द्रावणात टिकविण्यात येतो. मासा मोठा असल्यास पोटावर उजव्या अंगाने छेद घेतात, कारण मोजमाप व चित्र डाव्या अंगाचे घेण्याचा प्रघात आहे. फॉर्मालिन हे विषारी द्रव्य असल्याने घरी हाताळू नये. जनुक तपासणीकरिता पराचा लहानसा तुकडा निराळ्या कुपीत शुद्ध मद्यार्कात ठेवावा लागतो, कारण फॉर्मालिनमध्ये ते द्रव्य बिघडते.

माशासोबत चिठ्ठी असणे अत्यावश्यक आहे. ठिकाण, नदी अथवा ओढा, तारीख, पाण्याची खोली, तळ खडकाळ की वाळूचा, जाळ्याचा प्रकार, मासा पकडणाऱ्याने सांगितलेले स्थानिक नाव, एवढे तिच्यात यावे. चिठ्ठी जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहून माशाबरोबर बाटलीच्या आतच टाकावी; शाई द्रावणात विरघळून जाते, आणि बाहेर डकवलेला कागद काही दिवसांनी निघून पडतो.